अलंकार झालेले नाणे : छिद्रित व कडीयुक्त नाण्यांच्या नोंदीविषयी

नाणी जमविण्याचा छंद असलेल्या गृहस्थापुढे एकाच जातीची दोन नाणी ठेवली, आणि त्यांपैकी एकाच्या वरच्या कडेला बारीकसे भोक असले, तर तो कोणते नाणे उचलील हे सांगावयास नको. भोक हा दोष आहे, कडी जोडल्याची खूण हा दोष आहे, आणि कडी काढून टाकून जागा घासून सारखी केली असेल तर तो सर्वांत मोठा दोष आहे, असा संग्राहकांचा सर्वसाधारण संकेत आहे. विक्रेत्यांच्या याद्यांतून अशा नाण्यांपुढे तसा शेरा असतो आणि किंमत त्या मानाने उतरलेली असते. गंमत अशी, की ह्याच संग्राहकाच्या आजोबांनी आपल्या घड्याळाच्या साखळीला एखादी गिनी अडकविलेली असते, आणि तो स्वतः समारंभाला जाताना जुन्या नाण्यांच्या बाहीगुंड्या हौसेने लावतो. नाणे अंगावर वागविण्याची हौस त्याला समजते. पूर्वीच्या कोणी तीच हौस केलेली मात्र त्याला खपत नाही.

संग्राहकाने काय विकत घ्यावे हा त्याचा प्रश्न आहे. परंतु हा संकेत संग्राहकाच्या पेटीतून संशोधकाच्या टेबलावर आला, आणि वस्तुसंग्रहालयांच्या नोंदवहीतही ‘छिद्रित’ ह्या एका शब्दापलीकडे काही लिहिण्याची गरज वाटेनाशी झाली, ही गोष्ट चिंतेची आहे. टांकसाळीतून निघालेल्या नाण्यावर राजाचे म्हणणे असते. त्याला पाडलेले छिद्र हे ते नाणे ज्यांच्या हाती पडले त्यांचे म्हणणे आहे, आणि बहुतेक वेळा ह्या लोकांचे दुसरे कोणतेही म्हणणे आपल्यापर्यंत पोहोचलेले नाही. प्रस्तुत लेखात हे दुसरे म्हणणे कसे वाचावे ह्याचा विचार करावयाचा आहे.

नाणे आणि अलंकार ह्यांचा संबंध आपल्याकडे इतका जुना आहे, की आधी कोण हे सांगणे कठीण व्हावे. ऋग्वेदात रुद्राने धारण केलेला ‘निष्क’ हा गळ्यातील किंवा छातीवरील अलंकार आहे. पण कक्षीवान् एका राजाकडून शंभर अश्वांबरोबर शंभर निष्क मिळाल्याचे सांगतो, तेव्हा एका ऋषीला शंभर कंठभूषणे कशाला हवीत, असा प्रश्न अभ्यासकांना पडला. देवदत्त रामकृष्ण भांडारकरांनी 1921 च्या कारमायकेल व्याख्यानांत निष्क हे नाणेच असले पाहिजे असे आग्रहाने प्रतिपादिले. त्या काळचे एकही नाणे उपलब्ध नसता इतके पुढे जाणे धाडसाचे वाटते. ठराविक वजनाचा सोन्याचा नग गळ्यातही घालावा आणि देण्याघेण्यातही वापरावा, एवढेच त्या उल्लेखांतून निश्चितपणे निघते. पाणिनीच्या काळी निष्क हे मूल्याचे परिमाण झालेले दिसते, आणि अमरकोशात तर एकाच शब्दाखाली सोने, उरोभूषण, वजनाचे माप आणि दीनार हे सर्व अर्थ एकत्र नांदतात. कोशकाराला त्यांत विसंगती वाटली नाही. आपल्याला ती वाटते, कारण चलन आणि दागिना ह्यांच्यामध्ये आपण एक भिंत उभी केली आहे.

जैनांच्या कल्पसूत्रात त्रिशलेला स्वप्नात दिसलेल्या श्रीदेवीच्या वर्णनात तिच्या वक्षःस्थळावर दीनारांची माळ असल्याचे सांगितले आहे. दीनार हा शब्दच रोमहून आलेला; तेव्हा परदेशी नावाचे नाणे प्रत्यक्ष लक्ष्मीच्या गळ्यात पडले. हा केवळ कवीचा अलंकार नव्हे, ह्याची साक्ष जमिनीतून निघालेली नाणी देतात.

दक्षिण भारतात सापडलेल्या रोमन सुवर्णनाण्यांची ह्या दृष्टीने दोन गटांत विभागणी करता येते. पहिल्या गटाचे ठळक उदाहरण म्हणजे तमिळनाडूतील पुदुक्कोट्टई येथे 1898 मध्ये सापडलेला 501 नाण्यांचा साठा. त्यातील बहुसंख्य नाण्यांवर सम्राटाच्या मुखावर छिन्नीने घाव घातलेला आहे. घाव का घातला, ह्याविषयी मतभेद आहेत. झिजलेली नाणी चलनातून बाद करण्यासाठी तो घातला असावा, हे एक मत. कारण काहीही असो, ज्याने छिन्नी चालविली त्याला ते मुख जपावयाचे नव्हते. दुसरा गट पुढील काळातला, म्हणजे पाचव्या-सहाव्या शतकांतील पूर्व रोमन, ज्यांना आपण बायझंटाइन म्हणतो त्या सम्राटांच्या नाण्यांचा. कर्नाटकातील अक्की-आलूर येथील साठा ह्यात प्रसिद्ध आहे. ह्या नाण्यांना पुष्कळदा सम्राटाच्या मस्तकाच्या वर शेजारी शेजारी दोन बारीक छिद्रे पाडलेली आढळतात.

दोनच का? एका छिद्रातून ओवलेले नाणे स्वतःभोवती फिरते. दोन छिद्रांतून दोरा घेतला, किंवा ते कापडावर टाचले, म्हणजे ते सपाट व सरळ राहते. छिद्रे मस्तकाच्या वर आहेत, म्हणजे पाडणाऱ्याने नाणे हातात घेऊन त्याची वर-खाल ठरविली, मुख सरळ दिसावे अशी योजना केली आणि मुखाच्या रेषांना धक्का लागू दिला नाही. छिद्र सम्राटाच्या बाजूकडून ठोकले असेल तर मागील बाजूस धातूची कोर उठलेली दिसते. तेव्हा दर्शनी बाजू कोणती मानली हेही बहुधा कळते. ज्याला लेखाचे एक अक्षर वाचता येत नव्हते आणि त्या सम्राटाचे नावही बहुधा ठाऊक नव्हते, त्या कारागिराने नाण्याची ‘समोरची बाजू’ आपल्याप्रमाणेच निश्चित केली, ही गोष्ट मला तरी कोणत्याही लेखाइतकी बोलकी वाटते.

ह्यातून एक व्यावहारिक निष्कर्षही निघतो. एखाद्या प्रदेशात अमुक सम्राटाची नाणी सापडली की तेथवर त्याच्या राज्याशी व्यापार चालू होता आणि ती नाणी तेथे चलन म्हणून वापरात होती, अशी दोन विधाने आपण एका दमात करतो. पहिले बरोबर असू शकते. दुसरे छिद्रित नाण्यांच्या साठ्यावरून करता येत नाही. तो साठा व्यापाऱ्याची थैली नसून कोणाचा तरी हार असण्याचा संभव अधिक. आणि हार म्हटला की काळाचे गणितही बदलते. थैलीतील नाणी साधारणपणे एकमेकांच्या जवळच्या वर्षांची असतात. हारातील नाणी मात्र आईकडून मुलीकडे, सासूकडून सुनेकडे गेलेली, दोन-तीन पिढ्यांत एकेक करून जमलेली असू शकतात. त्यांतील सर्वांत अलीकडचे नाणे एवढेच सांगते, की हार त्यानंतर केव्हातरी पुरला गेला. किती नंतर, हे ते सांगत नाही.

सोने ज्यांच्या आवाक्यात नव्हते त्यांनीही ही हौस सोडली नाही. धाराशिव जिल्ह्यातील तेर, तेलंगणातील कोंडापूर अशा सातवाहनकालीन स्थळी भाजलेल्या मातीच्या लहान चकत्या मिळाल्या आहेत, त्यांवर रोमन नाण्यांवरील, विशेषतः टायबेरियसच्या नाण्यांवरील मुखाचे ठसे आहेत, आणि त्यांना ओवण्यासाठी भोक किंवा नाके आहे. ह्या चकत्यांनी कधी काही विकत घेतले गेले नाही. पण तेरच्या बाजारात रोमन नाण्याचे रूप इतके ओळखीचे झाले होते, की त्याची मातीची नक्कलही गळ्यात घालण्याजोगी वाटावी, ही माहिती खऱ्या नाण्यांच्या साठ्यातून मिळाली नसती.

ह्यानंतर सुमारे हजार वर्षांनी हाच प्रकार दुसऱ्या एका इटालियन नाण्याच्या बाबतीत घडला, आणि ह्या वेळी तो आपल्या घरापर्यंत आला. महाराष्ट्रातील पुतळ्यांची माळ सर्वांच्या पाहण्यातील आहे. परंतु ‘पुतळी’ हे मूळचे व्हेनिसच्या सोन्याच्या डुकाटचे आपल्याकडील नाव, हे दागिन्यांच्या दुकानात फारसे कोणाला ठाऊक नसते. डुकाट प्रथम 1284 मध्ये पाडला गेला आणि 1797 मध्ये नेपोलियनने व्हेनिसचे प्रजासत्ताक संपुष्टात आणीपर्यंत, पाचशेहून अधिक वर्षे, त्याचे रूप, वजन आणि कस जवळजवळ बदलला नाही. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, म्हणजे आपल्या हिशेबाने साडेतीन माशांहून किंचित अधिक. सोने त्या काळच्या कौशल्याने जितके शुद्ध करता येई तितके शुद्ध. एका बाजूस संत मार्क उभा असून त्याच्यापुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा अधिपती त्याच्याकडून ध्वज घेत आहे. दुसऱ्या बाजूस लंबवर्तुळाकार प्रभावळीत ताऱ्यांमध्ये उभा ख्रिस्त. अधिपती बदलला की कडेवरील नाव बदले, एवढाच फरक.

हे नाणे अरबी व्यापाऱ्यांच्या आणि पुढे युरोपीय व्यापाऱ्यांच्या हातून पश्चिम किनाऱ्यावर मोठ्या प्रमाणात आले. ते येथे रुजण्याचे एक कारण त्याच्या वजनात आहे. विजयनगरचा होन सुमारे 3.4 ग्रॅमचा, म्हणजे दख्खनच्या सराफाला हे परदेशी नाणे आपल्या मापात बसवून घेण्यास फारसे सायास पडले नाहीत. दुसरे कारण चित्राचे. मुसलमानी मोहरेवर केवळ अक्षरे. उलट विजयनगरच्या होनांवर उमा-महेश्वरासारखी देवदांपत्ये असत. सोन्याच्या नाण्यावर दोन मूर्ती असाव्यात ही गोष्ट दख्खनच्या डोळ्याला सवयीची होती. लोकांनी नाव ठेवले तेही मूर्तीवरून, पुतळीवरून. अक्षरांशी त्यांना कर्तव्य नव्हते. तमिळ प्रदेशात ह्याच नाण्याला ‘शाणार काशु’ असे नाव पडले. मध्ये उभी ध्वजाची काठी, तिला बिलगल्यासारखा दिसणारा अधिपती: हा ताडावर चढणारा शाणार, म्हणजे ताडी काढणाराच, असे तेथील लोकांनी ठरविले. व्हेनिसच्या सर्वसत्ताधीशाला ह्याहून प्रामाणिक भाष्य क्वचितच लाभले असेल.

येथपर्यंत नाणे हे नाणेच होते; त्याला कडी लागली आणि ते माळेत गेले. पुढची पायरी अधिक महत्त्वाची आहे. खरी पुतळी मिळेनाशी झाली, किंवा मागणी पुरवठ्याहून वाढली, तेव्हा येथील सोनारांनी ठसे खोदून तशाच चकत्या पाडावयास प्रारंभ केला. अशा नकलांवर संत आणि अधिपती ओळखू येतात, परंतु काठीच्या बाजूने उभ्या लिहिलेल्या अधिपतीच्या पदवीच्या जागी नुसत्या रेघा दिसतात, कडेवरील लॅटिन लेखाची मोडतोड झालेली असते, आणि नकलेवरून नक्कल करता करता अक्षर हे नक्षी होऊन बसते. अखेर संतही जातो आणि त्याच्या जागी लक्ष्मी किंवा राम-सीता येतात. आजच्या माळेतील पुतळी ही अशा प्रवासाच्या शेवटची पुतळी आहे. व्हेनिसचा तिच्यात उरलेला अंश म्हणजे वाटोळा आकार आणि नाव.

सोनाराने ठसा उमटविलेल्या चकतीपेक्षा मूळ नाण्याला बायका का जपत, ह्याचे उत्तर अर्थशास्त्रात आहे. घडविलेला दागिना मोडावयाचा म्हणजे घडणावळ बुडाली, डाखाची घट गेली, आणि कसाबद्दल सोनाराचा शब्द मानणे आले. नाण्याच्या माळेत ह्यांपैकी एकही तोटा नाही. कस टांकसाळीने ठरवून दिलेला, वजन ठराविक, आणि अडीअडचणीला संपूर्ण माळ न मोडता एक नग काढून देता येतो. पुन्हा बरे दिवस आले की पटवेकऱ्याकडून नवा नग गाठवून घेता येतो. ज्या स्त्रीला हिशेबाची वही ठेवणे शक्य नव्हते, तिची पुंजी तिच्या गळ्यात होती आणि ती तिला बोटांनी मोजता येत होती. केरळातील काशुमाला, उत्तरेतील हमेल, गिन्न्यांची माळ ही सर्व ह्याच विचाराची रूपे आहेत. 1918 मध्ये मुंबईच्या टांकसाळीत गिनी पाडली गेली. अशा नाण्यांचा ओढा तिजोरीपेक्षा गळ्याकडेच अधिक होता, हे त्यांवर दिसणाऱ्या डाखाच्या खुणांवरून ताडता येते.

राजांनीही नाणे किंवा नाण्यासारखी वस्तू अंगावर घालण्यासाठी दिल्याचे दाखले आहेत. जहांगीराने 1611 च्या सुमारास स्वतःची प्रतिमा असलेल्या मोहरा पाडविल्या. सर टॉमस रो ह्याला 1616 मध्ये बादशहाची सोन्यातील प्रतिमा साखळीसह मिळाली. अशा मोहरांवर कडी बसविल्याच्या खुणा आढळल्या तर तो दोष मानावा की मोहर ज्या हेतूने दिली त्याचा पुरावा, हे वाचकांनीच ठरवावे.

चांदीच्या नाण्यांचा विषय वस्त्रांकडे नेतो. बंजारा स्त्रियांच्या कांचोळीवर आणि ओढणीच्या काठावर कवड्या व आरसे ह्यांच्या जोडीने नाणी टाकलेली असतात. रुपये गळ्यात, आणि अधेल्या, पावल्या, चवल्या कापडावर, अशी वाटणी पुष्कळदा दिसते. राणीछाप रुपयात अकरा-बारांश चांदी असे. 1940 मध्ये ते प्रमाण निम्म्यावर आले आणि 1947 मध्ये रुपया निकेलचा झाला. तेव्हापासून जुना रुपया हा चलन म्हणून नव्हे, तर चांदीचा नग म्हणूनच मोलाचा राहिला. अशी वस्त्रे संग्रहालयात आली की त्यांवरील नाण्याचे साल पाहून वस्त्राचा काळ ठरविण्याचा मोह होतो. तो आवरावा. कापड दहा-वीस वर्षांत विरते, नाणे विरत नाही. जुन्या कांचोळीवरील नाणी उसवून नवीवर टाकावयाची हीच रीत. नाण्याच्या सालाआधीचे ते काम नव्हे, एवढेच म्हणता येईल; आणि टाके नाणे पहिल्याप्रथम लावतानाचे आहेत की मागाहूनचे, हे पाहिल्यावाचून तेही जपूनच म्हणावे.

आता नोंदीविषयी. छिद्रित किंवा कडीयुक्त नाणे हाती आले असता, नाण्याची नेहमीची माहिती लिहून झाल्यावर आणखी काही गोष्टी टिपून ठेवण्यास फार वेळ लागत नाही. छिद्र कोठे आहे हे दोन्ही बाजूंच्या चित्रांच्या संदर्भात लिहावे. घड्याळाच्या तबकडीप्रमाणे, दर्शनी चित्र सरळ धरून, बारावर आहे की तीनावर, अशी खूण सोपी पडते. दोन्ही बाजूंची चित्रे नेहमीच एकमेकांशी सरळ नसतात, म्हणून ही काळजी आवश्यक. धातूची कोर कोणत्या बाजूस उठली आहे, छिद्र एकदाच पाडले आहे की जुने झिजून फाटल्यावर दुसरे पाडले आहे, कडी त्याच धातूची आहे की हलक्या सोन्याची, हे पहावे. त्यानंतर झीज. चलनात फिरलेले नाणे दोन्ही बाजूंनी साधारण सारखे झिजते. अंगावर वागविलेले नाणे एका बाजूने, अंगास लागणाऱ्या बाजूने, अधिक गुळगुळीत होते. ह्या एका निरीक्षणावरून नाणे आधी किती दिवस बाजारात हिंडले आणि मग गळ्यात आले, ह्याचा स्थूल अंदाज बांधता येतो. वजन अवश्य करावे. परंतु ते कडीसह आहे की कडीविना, हे न लिहिलेले वजन निरुपयोगी आहे. अशी वजने वजनमानाच्या सरासरीत मिसळल्याने नाण्यांच्या मूळ तोलाविषयी चुकीची अनुमाने निघू शकतात.

माळ अखंड हाती आली तर तिची छायाचित्रे ओवलेल्या स्थितीतच घ्यावीत, पुढून आणि मागून. कोणता नग मध्ये, कोणते कडेला, कोणती बाजू पुढे, हा क्रम पटवेकऱ्याच्या पुढच्या गाठणीत नाहीसा होतो. भोके बुजवून आणि घासून नाणी ‘निर्दोष’ करण्याचा जो उद्योग चालतो, त्याला संशोधकाने कधीही हातभार लावू नये, हे वेगळे सांगावयास नको. 1878 च्या निखात निधीच्या कायद्याने जमिनीत सापडलेल्या धनाची वर्दी देणे बंधनकारक आहे. पण वारसाहक्काने आलेली माळ ही मालकिणीची खाजगी मालमत्ता, ती मोडून तिने नव्या घडणीचा दागिना केला तर त्याची दखल कोणी घ्यावी, असा नियम नाही आणि असावा असेही मला वाटत नाही. म्हणून नोंद हीच काय ती सोय.

हे सर्व मी शहाणपणाने लिहीत असलो तरी ते उशिरा आलेले शहाणपण आहे. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी एका कुटुंबातील पुतळ्यांची माळ मला पहावयास मिळाली होती. घरातील वडीलधाऱ्या बाईंनी ती स्वतः काढून दिली, आणि माझे काम होईपर्यंत त्या समोर बसून राहिल्या. माळेत व्हेनिसच्या अस्सल पुतळ्या होत्या. त्यांवरील अधिपतींची नावे मी भिंगाने वाचून काढली, त्यांची वजने घेतली, छायाचित्रे घेतली, आणि त्या आनंदात उरलेल्या नगांकडे वरवर पाहिले. ‘ह्या माझ्या आजेसासूबाईंनी येथेच पाडून घेतल्या,’ असे बाई त्यांतील काहींकडे बोट दाखवून म्हणाल्या. मी मान हलविली आणि पुढे गेलो. पुढील वर्षी पुन्हा गेलो तेव्हा नातीच्या लग्नासाठी माळ मोडली होती. सोनाराने कड्या कापून सर्व नग एकत्र आटविले होते.

व्हेनिसच्या अस्सल डुकाटांना जगातील अनेक संग्रहांत जोड मिळेल. आजेसासूबाईंनी गावच्या सोनाराकडून पाडून घेतलेल्या त्या पुतळ्यांवर संताचे काय झाले होते, अक्षरांची नक्षी कोठवर आली होती, कडी कोणत्या बाजूने लावली होती, हे आता कोठेही पाहता येणार नाही. माझ्या टिपणवहीत त्यांच्यासाठी एकच ओळ आहे : ‘बाकी नग नकली, पाहिले नाहीत.’